प्रोसेसर बदलायचा का? आधी मशीन कशासाठी थांबून राहिलं ते शोधा

नागपुरातल्या मानेवाड्याकडचा माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मागच्या सीझनमध्ये त्याचा फोन आला की भाऊ टाइमलाइन अटकून राहिली, प्ले केलं की दोन सेकंद चालते अन् मग थांबते, मी आता प्रोसेसर बोर्ड रॅम सगळंच नवीन घेऊन टाकतो, उद्या बर्डीच्या मार्केटला येतो का सोबत. मी म्हटलं उद्या बर्डीला नको, मीच तुझ्या घरी येतो. जाऊन पाहिलं तर त्याच्याकडे आय५-१२४००एफ, म्हणजे सहा कोर बारा थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामाची एक रांग) चांगला प्रोसेसर, लग्नाच्या कामाला कमी पडावा असा नाहीच. अडचण भलतीच निघाली, ती पुढे सांगतो, पण बोर्ड अन् रॅमचे सगळे पैसे त्याचे वाचले.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोसेसर घ्यायच्या आधी मशीन नेमकं कोणासाठी थांबून राहिलं ते मोजून पाहा. ग्राफिक्स कार्डसाठी, रॅमसाठी, डिस्कसाठी, की खरंच प्रोसेसरसाठी. हे शोधायला एक संध्याकाळ लागते आणि एक रुपया लागत नाही.

गेमपासून सुरू करू. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्यासोबत रिव्हाट्युनर येतं, दोन्ही फुकट आहेत आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतात. त्यात स्क्रीनवर दिसायला एवढ्या गोष्टी चालू करा: एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम येतात), जीपीयूचा म्हणजे ग्राफिक्स कार्डचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वेगवेगळा वापर, रॅम किती भरली, आणि दोघांचं तापमान. मग गेममध्ये व्हीसिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारी सेटिंग) बंद, एफपीएसची लिमिट काढून टाका (हे विसरले तर पुढचे सगळे आकडे खोटे येतील) आणि जिथे तुमचा गेम खरंच अडखळतो तिथेच जाऊन अर्धा तास खेळा, मेनूमध्ये उभं राहून काही कळत नाही.

जीपीयूचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण जोर लावून राहिलं, तिथे नवीन प्रोसेसर टाकून एफपीएस वाढणार नाही, पैसे ठेवून द्या, कार्डसाठी जमवा. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल अन् एफपीएस तरी कमी असतील तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहून राहिलं. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस उडी मारून वर गेले तर अडचण कार्डाची, जवळपास तिथेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅमची. टेस्ट साधी आहे पण मी आतापर्यंत जेवढ्या जणांच्या मशीनवर केली तिथे भांडणच मिटलं.

एक चूक सगळेच करतात. टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसर ४० टक्के दिसतो, आणि म्हणतात हा तर अर्धा रिकामा आहे, म्हणजे प्रोसेसरचा प्रॉब्लेम नाही. तसं नसतं. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण हिशोबात तो फक्त आठ टक्के दिसतो, आणि बहुतेक गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालतं, बाकीचे मदतीला असतात. चौकात एकच ट्रॅफिकवाला असेल तर बाकी रस्ते कितीही रुंद असो, गाड्या त्याच्या हातावरच थांबतात. म्हणून थ्रेड वेगवेगळे पाहायचे, एकूण आकडा पाहायचाच नाही. आणि सरासरी एफपीएसवर पण जाऊ नका, सोबत "वन पर्सेंट लो" पाहा, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा वेग. सरासरी १२० अन् लो ४० असेल तर डोळ्याला तो गेम अडखळतोच, आणि प्रोसेसर बदलल्यावर खरा फरक सगळ्यात जास्त इथेच जाणवतो.

कोणता गेम खेळता त्यावर पण आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम लो सेटिंगवर २००-३०० एफपीएससाठी खेळतात लोक, तिथे प्रोसेसर लवकर कमी पडतो. सायबरपंक २०७७ अल्ट्रावर खेळत असाल तर बहुतेक वेळा कार्ड आधी दमतं, पण रे ट्रेसिंग चालू केलं की प्रोसेसरवर पण बराच बोजा येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, वन पर्सेंट लो पण ६० च्या वर असतील, तर कायले पैसे घालता, आधी मॉनिटर पाहा.

आता समजा टेस्ट म्हणते की प्रोसेसर किंवा रॅम. मग आधी रॅम पाहा कारण ती दुरुस्ती स्वस्त आहे, कधीकधी फुकट. एकच १६ जीबीची काडी लावलेली असेल तर मशीन सिंगल चॅनेलवर चालून राहिलं, मेमरीची बँडविड्थ अर्धीच मिळते, तशीच दुसरी काडी लावली की गेममध्ये फरक दिसतो. दुसरं म्हणजे बीआयओएसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू आहे का, काही बोर्डवर त्यालाच डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात. ३२०० ची रॅम घेतली अन् एक्सएमपी चालूच केलं नाही तर ती २१३३ नाहीतर २४०० वर पडून राहते. मला एका पोराचं मशीन माहीत आहे, दुकानातून असेंबल करून आणलेलं, तीन वर्षं ते २१३३ वर चालू होतं आणि त्याला कोणी सांगितलंच नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये स्पीड लिहून येतो, आत्ता उठून पाहा.

यानंतर उन्हाळा, आणि नागपूरच्या माणसाला हे जरा सविस्तरच सांगावं लागते.

एप्रिल-मे मध्ये बाहेर ४४-४५, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी स्लॅब तापून आत पण ३८-४० असतात. हिवाळ्यात तुमची खोली २५ ची होती तेव्हा प्रोसेसर ७५ वर चालत होता, आता खोली पंधरा अंश गरम झाली की प्रोसेसर पण जवळपास तेवढाच वर जातो, कारण त्याच्यावरचा पंखा खोलीतलीच हवा मारतो, त्याहून थंड करणं त्याच्या हातात नाही. म्हणजे ९०. आणि एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची हद्दच ९० आहे, ३६०० ची ९५, इंटेलच्या बहुतेकांची १००. हद्दीला पोहोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही, नुसता हळू होतो, अन् आपण म्हणतो प्रोसेसर जुना झाला. जानेवारीत नीट चालणारा गेम नवतपात (मे अखेरचे सगळ्यात गरम नऊ दिवस) अडखळत असेल तर तो प्रोसेसर म्हातारा झाला नाही, त्याला श्वास मिळून नाही राहिला.

एचडब्ल्यूइन्फो६४ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरचं सगळ्यात जास्त तापमान आणि "थर्मल थ्रॉटलिंग", म्हणजे तापून वेग कमी करणं, झालं का हे सरळ लिहून येते. झालं असेल तर आधी डब्बा (कॅबिनेट) उघडून धूळ काढा, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, आणि थर्मल पेस्ट चार-पाच वर्षं जुनी असेल तर पुसून नवीन लावा. प्रोसेसरसोबत फुकट आलेला छोटा कूलर असेल तर चार हीटपाइपचा टॉवर कूलर घ्या, नवीन प्रोसेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो अन् पुढे प्रोसेसर बदलला तरी कामाला येतो. आपल्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला ताट्यांवाला कूलर डोळ्यापुढे येतो, त्याचं पण सांगतो, त्याच्या झोतात डब्बा ठेवू नका. खोली थंड झाली की पीसीला फायदा होतोच, पण सरळ झोतात ओल अन् ताट्यांचा भुसा दोन्ही आत जातात, कनेक्टरवर गंज चढतो. डब्बा बाजूला ठेवा, खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाते.

ह्याच कारणाने मी नागपूरकरांना कमी वॅटचे प्रोसेसर घ्या म्हणून मागे लागतो. आय९-१४९००के पूर्ण जोरावर २५३ वॅटपर्यंत जातो, ती सगळी गर्मी शेवटी तुमच्याच खोलीत येते. रायझन ७ ५७००एक्स सारखा आठ कोरचा प्रोसेसर ७६ वॅटच्या आत राहतो. एएम५ चे (एएमडीचा नवीन सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) बरेच प्रोसेसर तर पूर्ण लोडवर मुद्दामच ९५ अंशापर्यंत जाऊन काम करतात, कंपनीने तसंच ठेवलंय, पण बीआयओएसमध्ये इको मोड (कमी वॅटवर चालवायची सेटिंग) लावला की गर्मी एकदम उतरते आणि गेममध्ये फरक फारसा कळत नाही.

आता कामाचं, म्हणजे एडिटिंग, डिझाइन, थ्रीडी. इथे "क्रिएटिव्ह कामाला जास्त कोर पाहिजे" असं सरसकट सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्याचं रेंडर इंजिन) रेंडर कार्डावर करत असाल तर प्रोसेसरचे कोर वाढवून रेंडर फारसा हलत नाही, कार्ड बदलावं लागते. प्रोसेसरवर रेंडर करत असाल, सीन कार्डाच्या मेमरीत मावत नाही म्हणून, तर मग कोर जेवढे जास्त तेवढं बरं, तिथे आठचे सोळा झाले की वेळ जवळजवळ अर्धा होतो. फोटोशॉपला एका कोरचा वेग अन् भरपूर रॅम लागते. आफ्टर इफेक्ट्स रॅम खातं, १६ जीबीवर तो प्रोग्राम चालवणाऱ्याने प्रोसेसरचा विचार पण करू नये, आधी ३२ करा. ऑटोकॅड, स्केचअपवाल्या आर्किटेक्चरच्या पोरांना पण एका कोरचा वेगच जास्त कामाचा, मॉडेल फिरवताना सोळा कोर बसून पाहतात.

आणि व्हिडिओ एडिटिंग, इथे माझ्या त्या मित्राची गोष्ट. त्याने नवीन कॅमेरा घेतला होता, तो एचईव्हीसीमध्ये (जास्त दाबून ठेवलेला व्हिडिओ फॉरमॅट) १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करत होता. हा फॉरमॅट उघडायला हार्डवेअरची मदत लागते, आणि त्याचं कार्ड आरटीएक्स ३०६०, ते ४:२:२ उघडत नाही, एनव्हिडियाने ही सोय आरटीएक्स ५० सिरीजमध्ये आणली. इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये, ज्याला क्विक सिंक म्हणतात, ती सोय आहे. पण ह्याचा प्रोसेसर एफवाला, आणि एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. घेताना थोडे पैसे वाचतात म्हणून एफ घेतला होता, गेमिंगवाल्याने घेतला तर एकदम बरोबर, पण एडिटिंगवाल्याला तो एक अक्षर महाग पडला. सगळा बोजा साध्या कोरवर आला म्हणून टाइमलाइन अटकत होती. त्यात भर म्हणजे फुटेज जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर.

आम्ही काय केलं, फुटेज एसएसडीवर घेतलं आणि प्रॉक्सी बनवायला लावल्या, म्हणजे एडिटसाठी हलक्या कॉपी, एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल घेतं. त्याच रात्री काम सुरू झालं. सीझन संपल्यावर त्याने तोच बोर्ड ठेवून बिनाएफचा प्रोसेसर टाकला, बीआयओएसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवलं, आणि प्रॉक्सीची झंझट पण गेली. एचईव्हीसीपुरतंच सांगून राहिलो हे, कॅमेऱ्यात एच.२६४ मध्ये ४:२:२ ठेवलं तर त्या पिढीचं क्विक सिंक मदत करत नाही. म्हणून प्रोसेसर पाहायच्या आधी कॅमेऱ्याची सेटिंग पाहा.

ठीक आहे, समजा सगळं तपासलं अन् खरंच प्रोसेसरच कमी पडून राहिला. मग पुढचा प्रश्न, आहे त्याच बोर्डवर काही चांगलं बसते का. कारण नुसता प्रोसेसर बदलणं हा एक खर्च आणि बोर्ड रॅमसकट बदलणं हा तीनपट खर्च, त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढल्यामुळे तर नवीन डीडीआर५ रॅम घेणं अजूनच जड झालं.

ज्यांच्याकडे एएम४, म्हणजे एएमडीचा आधीचा सॉकेट, आहे ते सगळ्यात नशीबवान. २०१७ मध्ये पहिला रायझन आला त्याच सॉकेटवर २०२२ चा ५८००एक्स३डी बसतो, बीआयओएस अपडेट केला की बी३५०, ए३२० सारख्या जुन्या बोर्डवर पण ५००० सिरीज चालते, बोर्ड कंपनीने अपडेट दिला असेल तर. मी स्वतः बी४५० बोर्डवर रायझन ५ २६०० वापरत होतो, काउंटर-स्ट्राइकमध्ये कार्ड साठ-पासष्ट टक्क्यांवर बसून राहायचं, ५७००एक्स टाकला, रॅम कार्ड बोर्ड सगळं तेच, आणि लो एफपीएसमधला अडखळा गेला, एक्सपोर्ट पण बराच लवकर होते. नुसते गेम खेळायचे असेल तर एक्स३डीवाले पाहा, त्यात ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, आहे, साध्या ५८००एक्सपेक्षा तिप्पट, गेमला हीच आवडते. पण रेंडरमध्ये ५८००एक्स३डी साध्या ५८००एक्सच्या थोडा मागेच राहतो कारण त्याचा क्लॉक स्पीड कमी आहे, म्हणून दोन्ही कामं करणाऱ्याने आपलं पारडं कुठे जड आहे ते पाहून घ्यावं. आता नवीन मिळणं कठीण आहे, जुना घ्यावा लागेल बहुतेक.

ह्यात एक फसवणारी जागा आहे, दुकानात "५६०० सारखाच आहे घ्या" म्हणून ५५०० देतात. सारखा नाही. ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी, ५६०० मध्ये ३२, आणि ५५०० कार्डसाठी जुनं, हळू पीसीआयई ३ च देतो. तसंच ५७०० अन् ५७००एक्स, एक एक्स नसला की कॅश अर्धी होते. बिलावर पूर्ण नाव वाचा.

इंटेलवाल्यांचं जरा अवघड. १२, १३, १४ वी पिढी एकाच एलजीए१७०० सॉकेटवर आहे, तिथे जागा आहे, आय३-१२१००वाला आय५ वर जाऊ शकतो. पण एच६१० च्या स्वस्त बोर्डवर आय७ चा जास्त वॅटवाला के प्रोसेसर टाकू नका, बोर्डचा पॉवरचा भाग तापून वेग कमी होईल, आणि आपल्या मे मध्ये तर होईलच. १३-१४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बीआयओएसमधून दुरुस्ती दिली आणि बॉक्सवाल्यांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली, तर जुना घेत असाल तर ते प्रोसेसर सांभाळूनच. १०-११ वी पिढी एलजीए१२०० वर, तिथे फार पुढे जाता येत नाही. अन् ११५१ वाल्यांनो, सॉकेटचं नाव सेम असलं तरी ६-७ व्या पिढीच्या बोर्डवर ८-९ वी चालत नाही, बसते पण सुरू होत नाही.

७ व्या पिढीचं इंटेल किंवा पहिला रायझन असेल तर अजून एक गोष्ट आहे, ते जवळपास सगळे विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असं मशीन रोजच्या कामाचं असेल तर बदलायला ते एकच कारण पुरेसं आहे. एएम४ वाल्याला त्यासाठी पण बोर्ड बदलायची गरज नाही.

पूर्ण बदलायचंच असेल तर मी एएम५ म्हणेन, एएमडीने तो सॉकेट २०२७ पर्यंत तरी चालवू म्हणून सांगितलंय, म्हणजे पुढच्या वेळी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. पण नवीन प्रोसेसरने तुमच्या रोजच्या कामात एक चतुर्थांश तरी वेळ वाचत नसेल तर मी एवढा खर्च करणार नाही. अन् तो वेळ यूट्यूबवरच्या आलेखात नाही, तुमच्याच प्रोजेक्टवर, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा. रोज एडिट करून पोट भरणाऱ्याला दिवसाचा एक तास वाचला तर पैसे दोन सीझनमध्ये निघतात, रविवारी दोन तास खेळणाऱ्याचं गणित वेगळं आहे.

घेतला का? मग जुना प्रोसेसर काढायच्या आधी, जुन्यावरच बीआयओएस अपडेट करा, नाहीतर नवीन लावल्यावर स्क्रीन काळी आली की जुना परत लावायला बसावं लागते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, उन्हाळ्यात अन् पहिल्या पावसाच्या वादळात तर करूच नका, यूपीएस लावा, नसेल तर कोणाचा मागून आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागू शकतं अन् तेव्हा नाही सापडली तर डेटा गेला.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळून चिकटलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा. इंटेल अन् एएम५ मध्ये पिना बोर्डात असतात, तिथे सॉकेटला बोट लावायचं नाही.

लावून झालं की तोच गेम, तीच जागा, तोच प्रोजेक्ट, तेच स्टॉपवॉच. आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा. फरक दिसला नाही तर आधी एक्सएमपी पाहा, बीआयओएस अपडेटने ते बंद झालेलं असते बहुतेक वेळा. जुना प्रोसेसर, नवीन ज्या प्लास्टिकच्या खोक्यात आला त्यातच ठेवा, पिना सरळ असतील अन् बिल असेल तर लगेच विका, वर्ष थांबले तर भाव राहत नाही.